सरासरी हवेतली माणसे

हवा काही कुणाच्या बापाची नसते, असे आपण सहज बोलून जातो. पाणी विकत घ्यावे लागते, जमिनीला भाव असतो, पण हवा मात्र खुदाने सर्वांना सारखी दिली, असा आपला समज आहे. हा समज घाटकोपरच्या पुलावर उभे राहून तपासून पाहावा. पश्चिमेला डोंगरउतारावरची असल्फाची झोपडी, खाली लालबहादूर शास्त्री मार्गावरची वाहने, पूर्वेला द्रुतगती महामार्ग आणि त्यापलीकडे मानखुर्द जोडरस्त्याच्या टोकाला देवनारचा कचऱ्याचा डोंगर. एवढ्या पाच-सात किलोमीटरांत हवा किती वेळा बदलते हे नाकाला कळते. ते सरकारी कागदाला कळत नाही, ही आमची तक्रार आहे.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणारी माणसे. सरासरी कशी काढायची हे मुलांना शिकवतो, म्हणून सरासरीने काय झाकले जाते हेही आम्हाला चांगले ठाऊक आहे. चाळीस मुलांच्या वर्गाची सरासरी ५८ आली म्हणून ज्याला १२ गुण पडले त्याच्या अम्मीला पेढे वाटायला सांगता येत नाही. दर हिवाळ्यात मात्र नेमके हेच घडते. मथळा येतो, ‘मुंबईची हवा मध्यम’. कुणाची मुंबई? मलबार हिल आणि बैंगनवाडी यांची बेरीज करून भागाकार केला की येणाऱ्या हवेत कुणीच श्वास घेत नाही. तशी हवा मुंबईत कुठेच वाहत नाही.

डिसेंबर-जानेवारीत आमच्या वर्गात सकाळच्या पहिल्या तासाला एक आवाज असतो. एक मूल खोकते, मग दुसरे, मग रांगच लागते. “सर, रात को दम भरा था” हे वाक्य गैरहजेरीचे कारण म्हणून इतके रुळले आहे की त्यावर चिठ्ठी मागायची आम्ही सोडून दिली. ही मुले कुठून येतात ते पटावर लिहिलेले असते. त्यांच्या छातीत काय जाते याची नोंद करायला कोणत्याही रजिस्टरात रकाना नाही.

आता कुणी म्हणेल, यंत्रे बसवली आहेत की! खरे आहे. घाटकोपरला आणि गोवंडीच्या शिवाजीनगरला महापालिकेची हवा मोजणारी केंद्रे आहेत, कुर्ला, चेंबूर, मुलुंडला प्रदूषण नियंत्रण मंडळाची आहेत. त्यांचे आकडे केंद्रवार जाहीरही होतात. आम्ही याचे स्वागतच करतो. पण ताप मोजणे वेगळे आणि औषध देणे वेगळे. आणि ज्याला ताप आहे त्याला खाटेजवळ जाऊन विचारणे, बाबा रे, तुला हे कधीपासून होते, हे तर फारच वेगळे. मंडळाने हा शेवटचा प्रश्न कधी विचारलाच नाही.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० साली स्थापन झाले. आरंभी त्याच्याकडे पाण्याचे काम होते. हवेचा कायदा १९८१ चा. त्या कायद्याने मंडळाला दिलेले अधिकार दुबळे नाहीत. कारखाना बंद करा, त्याची वीज तोडा, पाणी तोडा, असा आदेश मंडळ देऊ शकते. कलम ३१-अ १९८७ मध्ये त्यासाठीच घातले गेले. म्हणजे हात बांधलेले आहेत ही सबब चालणार नाही. खोट दुसरीकडे आहे. प्रत्येक धुरांड्याला मंडळ स्वतंत्र संमतिपत्र देते. हे धुरांडे मर्यादेत आहे का? आहे. ते धुरांडे? तेही आहे. मिक्सर प्रकल्प, भट्टी, दवाखान्यांचा कचरा जाळणारी चिमणी, सगळे आपापल्या कागदात बरोबर. या सगळ्यांच्या मधोमध राहणाऱ्या माणसाच्या फुप्फुसात मात्र बेरीज होते, आणि त्या बेरजेचे संमतिपत्र कुणी मागत नाही, कुणी देत नाही. शिवाय मोठ्या प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी तरी असते. साध्या संमतिपत्राला तीही लागत नाही. शेजारच्या वस्तीला कळते ते धूर आल्यावर.

याचा पुरावा लांब शोधायला नको. घाटकोपर-विद्याविहारमधून तानसाची जलवाहिनी जाते. तिच्या कडेला दोन-तीन पिढ्यांची वस्ती होती. जलवाहिनीच्या सुरक्षेसाठी दोन्ही बाजूंना १० मीटर जागा मोकळी करा, असा उच्च न्यायालयाचा आदेश २००९ मध्ये झाला. पाणी सुरक्षित असावे याला कोण नाही म्हणेल? घरे पाडताना पर्यायी घरे देण्यात आली, आणि ती दिली माहुलला. तेलशुद्धीकरण कारखाने, रसायनांच्या टाक्या आणि त्यांना खेटून ७२ इमारती, १७ हजारांहून अधिक खोल्या.

आता तारखा नीट पाहा, कारण सगळी गोम तारखांत आहे. माहुल-आंबापाड्याच्या मूळ कोळी रहिवाशांनी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली होती. तिथे केईएम रुग्णालयाने २०१३ मध्ये केलेली पाहणी ठेवली गेली. पाहणीतल्या ६७.१ टक्के लोकांना महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा श्वास लागत होता. न्यायाधिकरणाने १८ डिसेंबर २०१५ रोजी स्पष्ट म्हटले की इथल्या हवेने लोकांच्या आरोग्याला धोका आहे. निकाल २०१५ चा. आणि जलवाहिनीवरची कुटुंबे माहुलला पाठवण्याचा सपाटा लावला तो २०१७ मध्ये! ज्या हवेविषयी न्यायाधिकरणाने धोक्याचा शिक्का मारला होता, त्याच हवेत सुमारे साडेपाच हजार कुटुंबे नेऊन बसवली. याला अज्ञान म्हणत नाहीत.

त्या वर्षी शाळेतून दाखले काढायला आया येत होत्या. एकीला आम्ही म्हटले, वर्ष तरी पूर्ण होऊ द्या. ती म्हणाली, माहुलहून दोन बस बदलून सहा वर्षांचे लेकरू कसे पाठवू? पटावरून नावे कमी झाली. त्यातली किती दुसऱ्या शाळेच्या पटावर चढली, ते आम्हाला शेवटपर्यंत समजले नाही.

आणि मोकळ्या झालेल्या जागेचे काय ठरले? २०१८ मध्ये महापालिकेने जलवाहिन्यांच्या कडेने ३९ किलोमीटरचा सायकल मार्ग करण्याचा बेत जाहीर केला. सायकल चालवा, हवा स्वच्छ ठेवा! आमचे सायकलशी वैर नाही. पण ज्यांना उठवून टाक्यांच्या कुशीत टाकले त्यांच्या ओट्यांवरून कुणी शुद्ध हवेसाठी सायकल फिरवणार असेल तर त्याला पर्यावरण हा शब्द वापरताना जीभ अडखळायला हवी.

हे थांबले ते लोक रस्त्यावर बसले म्हणून. ऑक्टोबर २०१८ पासून माहुलची माणसे विद्याविहारला जलवाहिनीपाशी येऊन बसली, महिनोन् महिने बसली. त्यात बाया जास्त होत्या. दलित होते, मराठा होते, उत्तर भारतीय होते, आपलेही होते. २३ सप्टेंबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने निकाल दिला की कुणालाही माहुलला जाण्याची सक्ती करता येणार नाही, आणि सरकारने दुसरे घर द्यावे, नाहीतर महिना १५ हजार भाडे व ४५ हजार अनामत द्यावी. पुढे १३ ऑगस्ट २०२० रोजी हरित न्यायाधिकरणाने तिथल्या चार कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटी रुपये भरपाई लावली. कोळ्यांनी खटला लढवला, बायांनी रस्ता अडवला, न्यायालयाने ऐकले. या सगळ्यात ज्याचे नावच प्रदूषण नियंत्रण मंडळ, ते आपणहून उठून ‘या हवेत माणसे नेऊ नका’ असे ठणकावून सांगायला पुढे आले असते तर ही तीन वर्षे वाचली नसती काय?

देवनारची कथा याहून जुनी. तिथली कचराभूमी १९२७ ची, म्हणजे शंभरीला टेकलेली. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात एम-पूर्व विभागाचा निर्देशांक ०.०५ होता, सगळ्या मुंबईत तळाचा. जानेवारी २०१६ मध्ये डोंगर पेटला तेव्हा धूर उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला, शाळांना सुट्टी द्यावी लागली, आणि चार दिवस का होईना वांद्र्यापर्यंतच्या मंडळींना गोवंडीचा वास कळला. त्याच परिसरात २००९ पासून शहरभरच्या इस्पितळांचा कचरा जाळणारा प्रकल्प चालू होता. पट्ट्या, सुया, कापलेले अवयव, सगळ्या मुंबईचे आजारपण जळायचे आमच्या लोकांच्या उशाशी. गोवंडी न्यू संगम वेल्फेअर सोसायटी या स्थानिक संस्थेने उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने प्रकल्प दोन वर्षांत रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यात हलवण्यास सांगितले. चौदा वर्षांनी निकाल, आणि वर दोन वर्षांची मुदत.

गोवंडीकरांचे आम्ही मनापासून अभिनंदन करतो. पण खालापूरचे नाव ऐकून आमचा आनंद अर्धा झाला. तिथेही माणसे राहतात, आदिवासी वाड्या आहेत. आपल्या उशाचा धूर दुसऱ्याच्या उशाशी नेऊन ठेवला तर त्याला न्याय म्हणायला आम्ही तयार नाही. धूर कुठे न्यायचा हे ठरण्याआधी तो किती कमी करायचा, चिमणीतून काय बाहेर पडते ते रोज जाहीर कसे करायचे, हे ठरले पाहिजे. आणि हे खालापूरच्या लोकांना विचारून ठरले पाहिजे.

आता बेकऱ्यांकडे येऊ, कारण हा विषय आपल्या घरातला आहे आणि त्यावर आपल्याकडे फार आरडाओरड झाली. ९ जानेवारी २०२५ रोजी उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्या आणि भट्ट्या सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनावर न्याव्यात असा आदेश दिला. नोटिसा निघाल्या, तंदूरवाल्यांपर्यंत पोचल्या. लगेच आपल्यातले काही पुढारी उठले : पाव भाजणारे मुसलमान, म्हणून हा घाला!

आम्ही या ओरडीत सामील नाही. भट्टीचा धूर पहिल्यांदा कुणाच्या छातीत जातो? पहाटे तीनला उठून पाव भाजणाऱ्या आझमगढ-जौनपूरच्या पोरांच्या. त्यानंतर बेकरीच्या माळ्यावर झोपणाऱ्यांच्या, मग गल्लीतल्या आपल्याच बायकामुलांच्या. मालक आपला आहे म्हणून धूर हलाल होत नाही. भट्ट्या बदलल्याच पाहिजेत.

पण त्याच तोंडाने मंडळाला आणि महापालिकेला विचारतो : बेकरीला सहा महिने आणि इस्पितळांचा कचरा जाळणाऱ्या चिमणीला चौदा वर्षे, हे कोणते गणित? अरुंद गल्लीत गॅसची नळी पोचलेली नसताना परवाना रद्द करण्याची धमकी द्यायची, आणि मोठ्या बिल्डरला मात्र २५ फुटी, ३५ फुटी पत्रे उभारा एवढे सांगून सोडायचे? ऑक्टोबर २०२३ च्या महापालिकेच्या सूचनांतले ते पत्रे रस्त्यावरच्या माणसाला धुळीपासून थोडे वाचवत असतील. पत्र्याच्या आत सिमेंट कालवणाऱ्या मजुराला काय? त्याची झोपडी बहुधा पत्र्याच्या आतच असते. लहानाला दंडुका आणि मोठ्याला सूचना, ही रीत आपण सगळीकडेच पाहतो. हवेच्या खात्यात ती नसावी, एवढीही अपेक्षा करू नये काय?

काही मित्र आम्हाला समजावतात की हा मुसलमानांचा प्रश्न करू नका, गरिबीचा प्रश्न आहे. अगदी मान्य. माहुलचा कोळी मुसलमान नव्हता, खालापूरचा कातकरी मुसलमान नाही. पण २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने आपण शिक्षणात, नोकरीत, कर्जात कुठे आहोत हे आकड्यांनी दाखवले, तसे आपण कोणत्या हवेत आहोत हेही कुणी दाखवायला हवे की नको? १९९२-९३ नंतर भीतीपोटी माणसे एकवटली, स्वस्त जागा जिथे मिळाली तिथे गेली. आणि मुंबईत स्वस्त जागा म्हणजे कचऱ्याशेजारची, नाल्याकाठची, कारखान्याला लागून असलेली. हे सांगणे म्हणजे जातीयता नव्हे. ज्या चिरागनगरच्या झोपडीत अण्णाभाऊ साठे राहिले, लिहीत राहिले, तिथल्या आजच्या माणसाला जात आणि मजहब विचारला तर वेगवेगळी उत्तरे मिळतील. खोकला एकच ऐकू येईल.

आपल्या लोकांशीही आमचे भांडण आहे, ते लपवून ठेवत नाही. मुशायऱ्याला मैदान भरते, जलशाला वर्गणी जमते, निवडणुकीत गटारावर आणि नळावर सभा होते. हवेवर एक सभा झालेली आम्हाला आठवत नाही. तांब्यासाठी वायरी जाळणारा भंगारवाला आपल्याच गल्लीत असतो, सगळे नाकाला रुमाल लावून पुढे जातात, कारण तो कुणाचा तरी भाचा असतो. गोवंडीच्या त्या संस्थेने वकील गाठला, कागद जमवले, वर्षानुवर्षे तारखा केल्या. असे चिवट काम आपल्याकडे किती मोहल्ल्यांत होते? नशीब म्हणून उसासे टाकणे सोपे असते.

जगात याबाबत काही चांगले घडलेच नाही असे नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने २०१७ मध्ये एक कायदा केला. तिथे विभागवार हवा मंडळे आहेत. कायद्याने त्यांना सांगितले की सरासरी पुरे, ज्या वस्त्यांवर सगळ्यात जास्त भार आहे त्या निवडा आणि तिथल्या लोकांबरोबर बसून आराखडा करा. सॅन फ्रान्सिस्कोच्या समोरचे वेस्ट ओकलंड हे असेच, बंदर आणि महामार्ग यांच्या बेचक्यात सापडलेले, मुख्यतः काळ्या कष्टकऱ्यांचे. तिथे रस्त्यारस्त्यांतून मोटारी फिरवून हवा मोजली, तेव्हा एकाच शहरात गल्लीगणिक प्रदूषण कितीतरी पटींनी बदलते असे दिसले. आपल्या नाकाला जे माहीत होते ते त्यांच्या यंत्राने सांगितले. २०१९ मध्ये तिथला आराखडा मंजूर झाला. तो विभागीय मंडळाने वस्तीतल्या एका संस्थेच्या बरोबरीने लिहिला होता. कोणते ट्रक कुठून जातील, कुठे थांबतील, इथपर्यंत त्यात विचार आहे.

तिथेही सगळे गोड नाही. आराखडे झाले, बैठका झाल्या, पण कारखान्यांना वेसण घालायला मंडळे कचरतात अशी तक्रार तिथलेच लोक करतात. ती ऐकून आपण शहाणे व्हावे. खुर्ची मिळाली आणि अधिकार मिळाला नाही तर बैठकीचा चहाच काय तो पदरात पडतो.

हे सगळे आज लिहिण्याचे कारण आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने देवनार कचराभूमीची सुमारे १२४ एकर जागा धारावीच्या पुनर्वसनासाठी देण्याचे ठरवले. २०२५ मध्ये तिथला १८५ लाख टन जुना कचरा उपसण्यासाठी २,३६८ कोटींची निविदा महापालिकेने काढली. धारावीत अपात्र ठरलेल्यांना, म्हणजे तिथल्याही सगळ्यात गरिबांना, शंभर वर्षांच्या कचऱ्यावर घर देण्याचा हा विचार. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्याच मार्गदर्शक सूचना सांगतात की बंद कचराभूमीवर घरे, शाळा, इस्पितळे नकोत. माहुलमध्ये निकाल आधी आणि वस्ती नंतर असे झाले. देवनारमध्ये सूचना आधी आणि वस्ती नंतर असे घडू पाहत आहे. आणि कचरा उपसला जाईल तेव्हा त्याची धूळ, त्यातला मिथेन, ट्रकांची रांग, हे शिवाजीनगर, बैंगनवाडी, रफीकनगर यांनी सोसायचे. वारा पूर्वेकडून वाहतो तेव्हा घाटकोपरनेही.

म्हणून राज्य प्रदूषण मंडळाने आतापासूनच बोलावे, न्यायालयात खेचले जाण्याची वाट पाहू नये. उपसा सुरू असेल त्या प्रत्येक दिवशी हवेचे आकडे कचराभूमीभोवतालच्या शाळांच्या भिंतीवर मराठीत, उर्दूत आणि हिंदीत लावावेत. फळा आम्ही देतो, खडूही देतो. आकडा मर्यादेबाहेर गेला की त्या दिवशीचा उपसा बंद, असे संमतिपत्रातच लिहावे. एम-पूर्व आणि एन विभागांतल्या सगळ्या धुरांड्यांची एकत्र बेरीज करावी आणि ती झाल्याशिवाय नवे संमतिपत्र देऊ नये. धारावीच्या लोकांना ते कोणत्या हवेत जाणार आहेत हे जाण्यापूर्वी लेखी सांगावे. आणि सुनावणी शीवच्या कार्यालयात कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता घेऊ नका. त्या वेळी ज्यांना यायला हवे ते सगळे रोजावर असतात. ती शिवाजीनगरमध्ये घ्या, रविवारी, शाळेच्या पटांगणात. बाके मांडायला आम्ही सकाळीच येऊ.